ताईच्या खात्यावरची दाढ

नाही नाही, आता बोलायचं नाही, भाऊजी. सुई टोचून झाली. आता ओठ कुठला आणि जीभ कुठली ते तुम्हाला कळणार नाही, बोलायला जाल आणि स्वतःचाच गाल चावून बसाल, आणि मग गावभर सांगत फिराल की मेहुणीनं डाव साधला. तोंड उघडा. अजून. अहो, कुणी पगारवाढ मागितल्यासारखं काय मिटून घेताय — आ करा, आ! हां, अस्सं. हा कापूस इथे, ही नळी इथे, थुंकी ती ओढून घेईल, तुम्ही गिळायला जाऊ नका. दुखलं तर डावा हात वर करायचा. नुसतं वाईट वाटलं तर नाही करायचा, दुखलं तरच. माझ्याकडे त्या दोन्हींत फरक आहे.

तर काय म्हणत होतात मघाशी, सुई आत जाईपर्यंत? फंड बंद करणार. एक तारखेपासून. "फार लाड झाले" म्हणालात — माझ्या खुर्चीत बसून, माझ्या हातात सुई असताना! तुमच्या धाडसाचं कौतुक वाटतं मला, खरंच. दुसरा कुणी असता तर निदान दाढ भरून होईपर्यंत थांबला असता. पण तुमचं आपलं मनात आलं की ओठांवर, आणि ओठांवर आलं की सूचना फलकावर. बरं, मला एक सांगा — म्हणजे सांगू नका, मीच सांगते — हा फंड काढला कुणी? तुम्हीच ना? आमच्या ताईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मी होते की तिथं. तो विमेवाला येऊन गेला होता, टाय लावलेला, त्यानं सगळ्या कामगारांचा मिळून हप्ता सांगितला आणि तुम्ही पाणी मागितलंत. मग आणखी पाणी मागितलंत. शिट्ट्यांचा एवढासा कारखाना तुमचा, त्याला ते झेपणारं नव्हतंच, ते मी कुठं नाकारतेय? तो गेल्यावर तुमच्या हिशेबनिसानं हळूच खाकरून ही दुसरी युक्ती सांगितली, आणि तुम्ही पेला खाली ठेवलात.

कशी युक्ती! मला तर तेव्हा ऐकून वाटलं, यात कुणीतरी कुणालातरी फसवतंय, पण कोण कुणाला ते काही केल्या सापडेना. विमा-बिमा काही नाही, मधे कुठली कंपनी नाही. मालकानं ठरवायचं, वर्षाला माणशी अमुक एक रक्कम. सगळ्यांना सारखी, मुकादमाला वेगळी आणि झाडूवालीला वेगळी असं नाही. कुणाच्या पगारातून छदाम कापायचा नाही, पैसा सगळा मालकाचा. पण तो वाटायचाही नाही! हीच तर मेख. माणूस आजारी पडला, डॉक्टरकडे गेला, चष्मा घेतला, दाढ काढली, की आधी स्वतःच्या खिशातून भरायचे, पावती आणून हिशेबनिसाला द्यायची, आणि मग पैसे परत. तेही पगार म्हणून नाही, भरपाई म्हणून — त्यामुळे त्याला त्यावर कर नाही आणि तुमचा तो धंद्यातला खर्च. आजारी पडलाच नाही तर? पैसे तुमच्याच तिजोरीत, पुढच्या वर्षाच्या रकमेत मिळवून. नोकरी सोडून गेला तर? तर तुमच्याच तिजोरीत, कायमचे. आठवतंय काय म्हणाला होतात? टेबलावर थाप मारून, "म्हणजे हे पैसे द्यायचेत पण द्यायचे नाहीत!" ताई म्हणाली, अहो, आजारी पडलं कुणी तर द्यायचेत. तुम्ही म्हणालात, "कोण पडतंय? ठणठणीत आहेत सगळे." तुम्हाला लोक ठणठणीत वाटतात याचं कारण तुम्ही त्यांच्याकडे फक्त हजेरीच्या वेळी बघता. असो. जरा मान इकडे करा. हे गरगरतंय ते ड्रिल आहे, घाबरू नका, अजून आत गेलं नाही.

आणि मग तो घोळ झाला. हिशेबनीस परत खाकरला. म्हणाला, साहेब, एक बारीक गोष्ट राहिली. फंड नोकरांसाठी असतो, तुम्ही मालक. मालक म्हणजे नोकर नव्हे. म्हणजे त्या फंडातून कारखान्यातल्या कुणाचीही दाढ भरून मिळेल, फक्त तुमची नाही! तुमचा तेव्हाचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही, भाऊजी. स्वतःच्याच लग्नात जेवायला बसू न दिलेल्या माणसासारखा. कारण तुमचे दात — बोलू का? मी बोलतेच — तुमचे दात म्हणजे माझ्या धंद्याचा पाया आहे. एवढे वाईट दात मी पुस्तकातही नाही बघितले. मग हिशेबनिसानंच वाट दाखवली. मालकाला नाही, पण नोकराच्या घरच्यांना चालतं. नवरा, बायको, मुलं. तेव्हा वहिनींनाच नोकरीवर घ्या, की तुम्ही आपोआप नोकराच्या घरचे! झालं. ताई हातात लाटणं की काय घेऊन उभी होती, तिला वळून कुणी विचारलंही नाही, आणि ती कारखान्यात लागलेली. शिट्ट्या फुंकून तपासायच्या खात्यात. आणि तुम्ही? एवढा कारखान्याचा मालक, आणि सरकारदरबारी कोण? तर फुंकणाऱ्या बाईवर अवलंबून असलेला तिचा नवरा. हसू नका. हसताय का रडताय? कापूस आहे म्हणून कळत नाही. हसू नका, हात हलतो माझा.

हिशेबनीस म्हणाला होता, नुसतं नाव लावून चालणार नाही हं, खरंच काम करायला हवं, नाहीतर अंगाशी येईल. तुम्ही म्हणालात, करेल की, जाईल सकाळची, दोन शिट्ट्या फुंकून येईल. ताई गेली. आणि आलीच नाही! म्हणजे संध्याकाळीच आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. मला म्हणाली, अगं, मजा येते. शिट्टी दातांत धरायची, फुंकायची, कान द्यायचा, चांगली असली तर या टोपलीत, नसली तर त्या, मग सगळ्या उकळत्या पाण्यातून काढायच्या. म्हणाली, घरात मी दिवसभर ओरडते, कुणी ऐकत नाही, इथं एकदा फुंकलं की चार जण वळून बघतात. तिचा कान असा बसला, भाऊजी, की बाकीच्या बायका अडल्या की तिच्याकडे यायच्या. तुम्हाला माहीत होतं का हे? नाही. तुम्हाला वाटायचं, बायको भिशीला जाते तशी कारखान्यात जाते. आणि तिचं खातं? ते कुणी वापरलं? हा वरचा ब्रिज कुणाच्या खात्यावर? ताईच्या. त्याच्या शेजारची कॅप? ताईच्या. तुमचा चष्मा, तुमचं पित्त, घोरण्याची ती तपासणी — त्याचा फायदा तिलाही झाला, तेवढं मान्य — सगळं ताईच्या नावावर. तिची स्वतःची एक दाढ किडलीय खालची, मी किती वर्षं मागे लागलेय. म्हणते, राहू दे गं, यंदाचं त्यांच्या दातांत गेलं. दरवर्षी यंदाचं तुमच्या दातांत जातं! आता हे जरा खोल जाईल. डोळे मिटा. मिटा म्हटलं ना, मलाही तुमच्या नजरेला नजर देत काम करता येत नाही.

तर एवढं सगळं सुरळीत चाललेलं. पण तुम्हाला सुख दुखतं. गेल्या वर्षी हिशेबनिसानं साठलेल्या रकमा दाखवल्या, आणि तुम्ही परत पाणी मागितलंत — लोक खर्च करत नव्हते, साठवून ठेवत होते, पुढं म्हातारपणी लागेल म्हणून. तुम्हाला वाटलं, एका वर्षी सगळे एकदम आजारी पडले तर? मग काढलंत नवं कलम. शिल्लक पुढच्या वर्षी जाणार नाही, वर्ष संपलं की बुडाली. लावलंत फलकावर. काय वाटलं होतं तुम्हाला, लोक वाचतील आणि पैसे बुडायची वाट बघत बसतील? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! दुसऱ्या दिवसापासून अख्खा कारखाना आजारी. मुकादमानं दोन चष्मे केले, एक लांबचा, एक जवळचा, आणि कुठला कुठला ते विसरला म्हणून दोन्ही एकावर एक घालून फिरायला लागला. पॅकिंगमधल्या एकानं टॉन्सिल काढून टाकले. चांगले होते. पण म्हणाला, पुढं बिघडतील तेव्हा फंड नसेल. एक जण गादीची पावती घेऊन आला, पाठ दुखते म्हणून. हिशेबनीस म्हणाला, डॉक्टरची चिठ्ठी कुठाय? तर म्हणे डॉक्टर कशाला, बायको सांगतेय. आणि तुमचा तो रखवालदार, त्यानं कानाचं यंत्र घेतलं. बिचाऱ्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपण शिट्ट्यांच्या कारखान्यात काम करतो. आठवडाभरात राजीनामा! आणि यंत्राचे पैसे तर तुम्ही देऊन बसलेले.

आणि फुंकणाऱ्या बायका सगळ्या माझ्याकडे. पुढचे दात झिजलेले त्यांचे, शिट्टी धरून धरून अशी खाच पडलेली. सगळ्यांना म्हटलं, या, कॅपा बसवून देते. नाही, मी काही बोलावणं केलं नव्हतं. बोर्डही मी लावला नव्हता. म्हणजे लावला होता, पण तो बाहेर, दवाखान्याच्या दाराशी. आणि कारखान्याच्या फाटकाशी एक. पण तो लहान होता! असं डोळे वटारून बघू नका, मी धंदा करते, देवळात नाही बसलेय. दात कोरून कुणाचं पोट भरत नाही म्हणतात, माझं भरतं, माझं तेवढ्यावरच भरतं. आणि तुमच्या पैशानं माझा हा नवा एक्स-रे आला म्हणून तर तुमच्या दाढेतली चीर दिसली, नाहीतर बसला असतात लवंग धरून.

पण पुढं जे झालं ते मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आईशप्पत. कुणाच्याच आलं नव्हतं. बायका नव्या दातांनी कामाला लागल्या, आणि शिट्ट्या वाजेनात. दहांतल्या आठ नुसत्या फुस्स. बाद, बाद, बाद, टोपल्या भरून बाद! मुकादमानं दोन चष्म्यांतून साचा बघितला आणि म्हणाला, साचा बिघडलाय. तुम्ही लगेच साचा तासून घेतलात, शिट्टीचं तोंड मोठं केलंत. झालं, वाजायला लागल्या. काय आनंद तुम्हाला! मला फोन करून फोनवर फुंकून दाखवलीत. माल गेला. आणि पंधरवड्यात परत आला, सगळाच्या सगळा. त्या खेळसामानवाल्या बाई, करड्या केसांच्या, स्वतः घेऊन आल्या. म्हणाल्या, पंच फुंकतोय, गाल फुगवतोय, लालबुंद होतोय, आणि खेळाडूंना पत्ताच नाही, एक सामना म्हणे अंधार पडेपर्यंत चालला, कारण संपला हे कुणाला कळवताच येईना. तुमच्या बायका फुंकल्या की वाजते, जगातल्या दुसऱ्या कुणीही फुंकली की नाही वाजत! तुम्ही हिशेबनिसावर ओरडलात, मुकादमावर ओरडलात, प्लास्टिकवाल्यावर ओरडलात. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

शोधलं कुणी? ताईनं. कारण सगळ्या खात्यात जुने दात फक्त तिचे उरले होते, तिचं खातं तुम्ही आधीच संपवलं होतंत ना! तिच्या तोंडात जुनी शिट्टी वाजायची आणि नवी वाजायची नाही, बाकीच्यांचं उलट. दोन दिवस ती एकेकीला फुंकताना बघत होती. आणि मग तिला उमगलं. अहो, शिट्टीला काहीच झालं नव्हतं, तोंडं नवी होती! इतकी वर्षं झिजलेल्या दातांच्या फटीतून निम्मा वारा बाहेर जायचा, म्हणून बायकांना जीव खाऊन फुंकायची सवय. मी फट बुजवली, पण सवय तीच राहिली. सगळा वारा आत, आतला मणी अडकून बसायचा, शिट्टी गुदमरायची. त्यांना फक्त एवढंच सांगायचं होतं की बायांनो, हळू फुंका. एवढंच! त्यासाठी तुम्ही साचा तासलात, माल घालवलात, आणि आता फंड बंद करताय. म्हणजे दाढ दुखते म्हणून डोकं उडवायचं. बरं, हात का वर केलात? दुखतंय? नाही ना? मग खाली घ्या. सांगितलं होतं मी आधीच.

आणि आता ऐका. हे मी सांगणार नव्हते, ताईनं मला गळ्याची शपथ घातलीय, पण एवीतेवी तुम्हाला उलट बोलता येत नाही, तर परत असा मुहूर्त मिळायचा नाही. तुम्ही समजता, गेल्या आठवड्यात तुम्ही फंड बंद करायची भाषा काढलीत म्हणून ती रुसून आली माझ्याकडे. मघाशी आल्या आल्या काय म्हणालात, "तिला सांग, फंडाचं बघू, घरी ये." कसला फंड! ती ज्या दिवशी तुमच्या त्या खोलीत आली, दोन ताटल्या घेऊन, एकीत जुन्या शिट्ट्या, एकीत नव्या, आणि तुम्हाला, मुकादमाला, हिशेबनिसाला, त्या करड्या केसांच्या बाईंना, सगळ्यांना एकेक फुंकायला लावली आणि चूक कुठं झाली ते नीट उलगडून सांगितलं — माझी ताई, जी फोनवर नंबर चुकला तर माफी मागते, ती चार माणसांपुढं उभी राहून बोलली! — तेव्हा त्या बाईंनी तुम्हाला काय विचारलं? "या कोण?" आणि तुम्ही काय म्हणालात? आठवतंय? हसत हसत म्हणालात. "ती होय? ती नुसती कागदावर आहे."

कागदावर आहे! अहो, कागदावर तुम्ही होतात, भाऊजी! काम ती करत होती आणि कागदावर तुम्ही होतात. तिनं ताटल्या खाली ठेवल्या, हात धुतले, आणि चालत चालत माझ्याकडे आली. रडली वगैरे काही नाही. मला म्हणाली, एक उशी दे. बास. तेव्हापासून ती इथं वर, आमच्या घरात आहे, आणि मी, खोटं कशाला बोलू, मी रडकुंडीला आलेय. तुमच्या परत आलेल्या मालाचं एक खोकं घेऊन आलीय ती बरोबर. पहाटे उठते आणि एकेक शिट्टी तपासते, कुठली थोडी घासली तर वाचेल आणि कुठली नाही. अंथरुणात बसून! तुमच्याशी भांडण आणि तुमचाच माल! माझ्या घरात झोप राहिलेली नाही. आमचे हे शाळेत खेळाचे मास्तर, शिट्टी वाजली की झोपेतच उठून पाय जुळवून उभे राहतात, मी हाताला धरून परत आडवं करते, की पुढची वाजते. मला तिची माया आहे, माझी एकुलती एक बहीण, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? म्हणून म्हणते, आजपासून निदान मी शांत झोपेन, एवढं तरी —

काही नाही. आ करा.

काही नाही म्हटलं ना. आजपासून म्हणजे असंच. बोलायची पद्धत. हात खाली घ्या. खाली घ्या, दुखत नाहीये तुम्हाला, मला ठाऊक आहे दुखत नाहीये, सगळी बाजू बधिर आहे. अहो, मनगट सोडा माझं, ड्रिल आहे त्या हातात! — बरं. बरं, सांगते. ठेवते ड्रिल. जाणार आहे ती. आज. दुपारच्या गाडीनं. त्या करड्या केसांच्या बाईंनी तिला बोलावून घेतलंय, त्यांच्या गोदामात, सगळा माल तपासायला, नुसत्या शिट्ट्याच नाहीत, चेंडू, जाळ्या, सगळं. राहायला खोली देतायत. त्यांनी त्याच दिवशी फाटकाबाहेर तिला गाठलं होतं. म्हणाल्या, तुमच्यासारखा कान मी पैसे मोजून शोधतेय, आणि इथं तुम्हाला कागदावर ठेवलंय. हो, त्यांनीही तोच शब्द वापरला. लागला होता त्यांनाही. नाही, घरी सांगायला येणार नव्हती ती. पोचल्यावर कळवणार होती. तुम्हाला सांगू नको म्हणून मला शपथ घातली, आणि मी बघा, बडबडून बसले. मलाच कुणीतरी सुई द्यायला हवी होती!

थांबा, उठू नका, दाढ अर्धी पोखरून ठेवलीय, असं उठतात का! बसा. माझं अजून संपलं नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी मला ठाऊक आहे तुम्हाला काय वाटतंय. मी तोंड बघते माणसांचं, चेहरा नाही. ही दाढ उगाच नाही चिरली. खाण्यानं असं होत नाही. झोपेत दात आवळून आवळून चिरते अशी, आणि चीर ताजी आहे, आठवड्याची. रिकाम्या घरात एकटे झोपून काय आवळत होतात हो एवढं? येऊन म्हणायचं होतंत ना, चुकलो. पण नाही. "फंडाचं बघू!"

आणि एक सांगते, हे तर तिनं मलाही सांगितलं नव्हतं, मी जिन्यातून ऐकलं. काल त्या बाईंचा फोन होता, पगार वगैरे ठरत होतं. त्यांच्याकडेही असाच फंड आहे, मालकाचे पैसे, आधी भरा, पावती आणा, सगळं तसंच. बाई विचारत असतील, आणखी काही शंका आहे का. आणि ताई, भाऊजी, सुट्ट्यांबद्दल नाही विचारलं तिनं, खोलीबद्दल नाही. म्हणाली, "घरच्या माणसांना चालतो का तो फंड? नाही, मुलं नाहीत. एक माणूस आहे. त्यांना दातांचा फार त्रास आहे." मी तिथंच जिन्यात बसले. सोडून निघालीय तुम्हाला, बॅग भरलीय, आणि तुमच्या दातांची सोय लावून निघालीय. तिथंही तुम्ही तिच्या खात्यावर आहात.

अहो — अहो, थांबा! दिवा लागेल डोक्याला! नळी, नळी काढू द्या आधी. दाढ उघडी आहे, भाऊजी, निदान कापूस तरी — हां, हा घ्या, चावून धरा. गळ्यातलं ते फडकं... राहू दे, तसेच जा. नाही, त्या दारानं नाही, तिकडे पेशंट बसलेत, आतल्या जिन्यानं. भूल उतरायला लागली की ठणकेल, तोवर उरका. फंडाचं माझ्याशी नंतर बघा. आणि हे बघा, वर गेल्यावर बोलायला जाऊ नका. तुम्ही बोललात की काय होतं ते पाहिलंय आम्ही, आणि आत्ता तर तुम्हाला धड "अगं"सुद्धा म्हणता यायचं नाही. नुसतं तिच्यासमोर जाऊन उभं राहा आणि तोंड उघडा. ती बघेल काय ते. जा.